गिऱ्हाईका, सही माग

मी न्हावा-शेव्याला गोदीकामगार आहे. यार्डात कपड्यांची खोकी कंटेनरमध्ये रचतो. खोक्यावर सगळं छापलेलं असतं : नग किती, साईझ कुठली, रंग कोणता, कुठल्या बंदरात उतरायचं. जिनं शिवलं तिचं नाव नसतं. तिच्या हातावर काय टेकवलं, तेही नसतं.

मॉलमधले शहाणे आता आपल्याला सांगतात, कपडे कमी घ्या, महाग घ्या, खादी घाला, म्हणजे कामगाराचं भलं होईल. अरे वा! आमच्या बापजाद्यांनी कमीच घातले की. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं नेसावीत असं फर्मान आहे. म्हणून तर डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी आमच्या बायांना लुगडं नेसायची जुनी, जात दाखवणारी तऱ्हा टाकायला सांगितली. तेव्हा झोपडपट्टीतल्या पोरानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला, तर त्याला पापी ठरवू नका. तो शर्ट त्यानं लढून मिळवलाय.

पण दोस्तहो, तो शर्ट दुसऱ्या कुणाच्या पाठीवर पाय देऊन नको.

कापडात जात आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्याला घेत नसत. पगार तिथं जास्त. पण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं ते बाटत! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा कुठं तो बोलला गेला. आज थुंकी चालते, घाम चालतो, जीवही चालतो. जानेवारी २०२१ मध्ये तामिळनाडूतल्या दिंडिगलकडं, एच अँड एमसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या विशीतल्या दलित मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच सुपरवायझरवर.

मग आपण काय करायचं? बहिष्कार? गावानं किराणा बंद केला, दळण बंद केलं म्हणजे काय होतं, ते आपल्या आयांना विचारा. आपण एकट्यानं दुकानाची पायरी चढायची नाही, हा नुसता रुसवा झाला. ऑर्डर गेली तर मालक दुसरा धंदा काढतो. शिवणारी उपाशी मरते.

दिंडिगलच्या बायांनी दुसरा रस्ता धरला. दलित बायांनी चालवलेली त्यांची युनियन उभी राहिली, देशोदेशी मोहीम झाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये एच अँड एमला करारावर सही करावी लागली. त्याच वर्षी गॅपनं आणि पीव्हीएचनंही केली. कंपनीचं गोड बोलणं वेगळं आणि कायद्यानं बांधणारी सही वेगळी. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले. खालची बँक बंद ठेवली, वरच्या शिवणाऱ्यांना मात्र आत घातलं. अकराशेहून जास्त माणसं मेली. त्यानंतर गिऱ्हाईकांचा गलका झाला, तेव्हा मे महिन्यात मोठ्या कंपन्यांनी युनियनबरोबर सुरक्षेचा करार केला. वॉलमार्ट आणि गॅपनं तेव्हा वेगळी चूल मांडली. का? तर बांधून घ्यायचं नव्हतं.

आणि दाब द्यायचा तर घाऊक द्यायचा. रसेल या अमेरिकी कंपनीनं होंडुरासमधला युनियनवाला कारखाना बंद केला. अमेरिकेतल्या पोरांनी आपापल्या विद्यापीठांना त्या कंपनीचे ठेके तोडायला लावले. नोव्हेंबर २००९ ला कंपनी वाकली. नवा कारखाना उघडून १२०० जणांना परत घ्यायचं कबूल केलं.

आपल्याकडं घाऊक काय आहे? १४ एप्रिल आहे! गल्लीगल्लीतली मंडळं निळे टीशर्ट काढतात. आणि आपण काय करतो? ठोकवाल्याकडून नगामागं दहा रुपये तोडून आणले, म्हणून कॉलर ताठ करतो. ते दहा रुपये कुणाच्या मजुरीतून गेले, हे मीही कधी विचारलं नाही. टीशर्ट आणायला गेल्या साली मीच गेलो होतो.

म्हणून यंदा एवढं करा. पाच-सात मंडळांनी मिळून एकच ऑर्डर काढा. ठोकवाल्याकडून कागदावर घ्या : माल कुठं शिवला, दिवसाची मजुरी किती, ओव्हरटाईमचे पैसे देतो का, पीएफ भरतो का, युनियन करू देतो का. सही-शिक्का नाही तर ॲडव्हान्स नाही. कागद खोटा निघाला तर लगेच ऑर्डर मोडू नका. आधी शिवणाऱ्या बायांना जाऊन भेटा. त्या म्हणतील 'तोडा', तर तोडा. त्या म्हणतील 'थांबा, आम्ही भांडतोय', तर त्यांच्या गेटवर जाऊन उभे राहा.

बाबासाहेबांचा फोटो छातीवर छापायचाय ना? मग ज्या कापडावर छापणार, ते कुणी शिवलं हे आधी विचारा.