दुखणं मज्जारज्जूतच अडवायला हवं

नागीण उठते, दोन-तीन आठवड्यांत फोड सुकतात, खपल्या पडतात आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. पण काहींचं, विशेषतः साठी उलटलेल्यांचं, खरं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. बरगडीवर सदऱ्याचं सुती कापड नुसतं घासलं तरी चटका बसतो. जखम उरलेली नसते, रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात, आणि मग ‘फार मनावर घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला अन्यायाचा आहे. बिघाड खराच असतो. नसेत असतो, तसा मज्जारज्जूतही असतो. जुनाट वेदनेवरच्या औषधांचा शोध याच जागी नेटाने चालू राहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्वचेकडून आलेली वेदनेची नस मज्जारज्जूच्या मागच्या भागात संपते आणि पुढच्या पेशीला रसायनांच्या हाती निरोप देते. हा निरोप जसाच्या तसा मेंदूकडे जात नाही, वाटेत एक दार आहे, असं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होऊन बसतो, हे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. पुढच्या पेशीवरच्या ‘एनएमडीए’ नावाच्या रिसेप्टरच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. निरोपांचा मारा सुरू झाला की ते उडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि मग साधा स्पर्शही वेदना होऊन वर पोचतो. सदऱ्याचा चटका तो हाच. औषध नेमकं इथे पोचवलं तर किती फरक पडतो, हे मॉर्फिनने दाखवलं आहे. १९७९ पासून ते माणसांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात देता येऊ लागलं, आणि तिथे तोंडावाटे लागणाऱ्या मात्रेचा साधारण तीनशेवा भाग पुरतो. समुद्रातल्या एका शंखाच्या विषावरून घडवलेलं झिकोनोटाइडही याच जागी कॅल्शियमची वाट बंद करतं. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये परवानगी मिळाली. मॉर्फिनची सवय लागते तशी त्याची लागत नाही, मात्र भ्रम आणि गोंधळलेपण येऊ शकतं, आणि ते पंपानेच द्यावं लागतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप ‘सबस्टन्स पी’चा आहे. या रसायनाचा रिसेप्टर अडवला की प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची वेदना कमी व्हायची. माणसांत मात्र ती औषधं वेदनेवर साफ पडली. त्यातलंच अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीच्या उलट्यांवर वापरतात. पण या अपयशाने जागा चुकीची ठरत नाही. तिथे निरोपे अनेक आहेत, एकाला अडवलं तर दुसरे जातात. शिवाय उंदराने पंजा मागे घेतला म्हणजे त्याचं रात्रंदिवसाचं ठसठसणं मोजलं गेलं, असं धरून चालणं हीच मोठी चूक होती. दुसरा आक्षेप असा की वेदना शेवटी मेंदूतच जाणवते, मग मज्जारज्जूच का? कारण मेंदूकडून वेदना दाबणारे निरोपही खाली याच जागी उतरतात. काळजीने दुखणं वाढतं, धीराने सोसवतं, यालाही शरीरातला रस्ता आहे आणि तो इथूनच जातो.

राहिला खर्चाचा मुद्दा. आपल्याकडे स्वस्त मॉर्फिनसुद्धा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचात अडकलं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनंतरही ते गरजूंना सहज मिळत नाही. मग नव्या संशोधनाचं कौतुक कशाला, असं कुणी विचारलं तर त्या रागाशी मी सहमत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे. पण नागिणीनंतर वर्षानुवर्षं जळणाऱ्या नसेला ते सहसा पहिलं औषध नसतं. तिथे गॅबापेंटिन देतात. ते मूळ अपस्माराचं, आणि कामही बरंचसं मज्जारज्जूतच करतं. त्याने चांगला आराम पडतो तो दहातल्या साधारण तिघांना. आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीनेही दहातल्या जवळजवळ दोघांना तेवढाच पडतो.