थंडीतली भेंडी

मैत्रिणींनो, थंडीत भेंडीचं बी टाकायचं आणि उगवलं नाही की दुकानदाराला बोल लावायचा, हे घरोघरी चालतं. पण दोष बियाचा नसतो. भेंडी ही कापूस-जास्वंदीच्या कुळातली, उन्हाची लाडकी. माती साधारण १८-२० अंशांच्या खाली असली की बी उगवायला फार रेंगाळतं, नाहीतर गार ओलीत कुजून जातं. आमच्या ओझरला कुकडीकाठी पौषात पहाटे हुडहुडी भरते. तेव्हा जानेवारीअखेर थंडी ओसरली की बी टाकावं, नाहीतर सरळ जून-जुलैत.

बियाचं कवच टणक असतं. म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावं. मग बोटाच्या एका पेराइतकं खोल, एका ठिकाणी दोन-दोन बिया. झाडांत फूटभर अंतर हवं. कुंडी असेल तर फूटभर खोल घ्या. मूळ सरळ खाली जातं. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं रोप लगेच उपटावं. पांढरी माशी तो रोग पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण हा रोग सोसावा म्हणूनच काढलेला.

आता परदेशातल्या भगिनींसाठी. आमच्या वन्सं इंग्लंडात असतात. सासूबाई यंदा उन्हाळ्यात तिकडे जाणार. अंगणाशिवाय त्यांना करमायचं नाही, म्हणून घरचं बी पदराच्या गाठीत बांधून न्यायचा त्यांचा बेत! पण वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर इथलं बी तिकडे नेता येत नाही. बी तिथलंच घ्यावं. एप्रिलमध्ये घरात, उबेच्या जागी, खोल कागदी नळ्यांत पेरावं आणि नळीसकट लावावं, कारण मूळ दुखावलेलं भेंडीला खपत नाही. रात्रीची थंडी सरल्याशिवाय, म्हणजे जूनपर्यंत, बाहेर काढू नये. काचघर असेल तर उत्तम, नाहीतर दक्षिणेची खिडकी. सासूबाईंना म्हटलं, “बी तिथलं, हात तर तुमचेच ना?” तेव्हा कुठे गाठ सुटली.

आपल्याकडे दीड-पावणेदोन महिन्यांत तोडा सुरू होतो. तिकडे जास्त धीर धरावा लागतो. शेंग बोटाएवढी झाली की एक दिवसाआड तोडावी. ठेवली तर निबर होते, शिवाय झाड नव्या शेंगा धरायचं थांबतं. चिकटपणा नको असेल तर धुऊन, अगदी कोरडी पुसून मगच चिरावी.