बेड्यांनी व्यसन सुटत नाही!

दरवर्षी २६ जून उजाडला, की अमली पदार्थांविरुद्ध शपथा घेतल्या जातात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात आणि पुढाऱ्यांची भाषणे झडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा दिवस १९८७ साली ठरवून दिला. पण ज्या घरात कर्ता मुलगा नशेत पडलेला असतो, त्या घरातल्या आईबापांनी जायचे कोठे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीही तसाच उभा असतो. पोलिसांकडे जावे, तर मुलगा गुन्हेगार ठरतो. शेजाऱ्यांना सांगावे, तर कुळाला बट्टा लागतो. याविषयी आम्हांला आज काही स्पष्ट बोलायचे आहे.

अमली पदार्थांसंबंधीचा कायदा संसदेने १९८५ साली केला. २००१ च्या दुरुस्तीने त्यात मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या पाडल्या. अडीचशे ग्रॅमहून अधिक हेरॉइन बाळगणाऱ्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. विषाचा व्यापार करणाऱ्याची गय करा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु याच कायद्याच्या २७ व्या कलमान्वये नुसते सेवन हाही गुन्हा आहे आणि हेरॉइन, मॉर्फिन वा कोकेन घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट, जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, त्याला अशा किरकोळ गुन्ह्यांतून संरक्षण देणारे ६४-अ कलमही त्याच कायद्यात आहे. आमच्या किती वाचकांना ते ठाऊक आहे? बेडीचे कलम सर्वांच्या तोंडी आणि औषधाचे कलम पुस्तकात, अशी ही स्थिती आहे!

धाक नाहीसा झाला तर व्यसन बोकाळेल, असे काहीजण म्हणतील. त्यांनी केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेली पाहणी वाचावी. धाकाच्या तीन दशकांनंतरही या देशात अफू, हेरॉइन आदी पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक आढळले. आणि बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसांपैकी जेमतेम एकाला उपचार लाभला होता. दारूच्या बाबतीत हे प्रमाण अडतिसांत एक असे होते. जो धाक वीसांतल्या एकोणिसांना दवाखान्यापर्यंत पोहोचवू शकत नाही, त्याचा अभिमान कसला बाळगावा?

आमच्या समाजाची नीतीही या बाबतीत दुटप्पी आहे. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदीचा कायदा महाराष्ट्राने रद्द केलेला नाही; मद्य पिण्यास आजही कागदोपत्री परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो? सरकार मात्र मद्यावरचे उत्पादन शुल्क निमूटपणे तिजोरीत भरते. भांगेचे पान कायद्याच्या व्याख्येबाहेर आणि त्याच झाडाचा गांजा व्याख्येत! कायद्याने आखलेली रेषा ही नीतीची रेषा नव्हे, एवढे तरी आम्ही प्रामाणिकपणे मान्य करावे. पार्टीत पेला उंचावणाऱ्या बापाने मुलाच्या चिलिमीवर नीतीचे प्रवचन झोडले, तर ते त्याला पटावे कसे?

मुळात हा मुलगा नशेकडे वळतो का? वाईट संगत, कुतूहल, सहज मिळणारा माल ही कारणे खरीच. पण त्याखाली एक खोल असमाधान आहे. लोकमान्यांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटले गेले. त्या असंतोषाला ध्येय होते, म्हणून त्यातून राष्ट्र घडले. आजच्या तरुणाच्या असंतोषाला दिशाच नाही. तो त्याच्यावरच उलटतो. मुलाला किती टक्के गुण मिळाले, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक असते. त्याला रात्री झोप का लागत नाही, हे घरातही कोणाला ठाऊक नसते. यश म्हणजे पगाराचा आकडा, अशी शिकवण आम्हीच दिली. जो त्या शर्यतीत मागे पडतो त्याला किंमत नाही. जो पुढे जातो त्याला विसावा नाही. फुटपाथवर भूक मारण्यासाठी नशा हुंगणाऱ्या पोराचे दुःख तर आमच्या हिशेबातही नाही.

यावर उपाय नाहीत, असे नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले आणि व्यसनी माणूस प्रेमाने व शिस्तीने पुन्हा उभा राहू शकतो, हे महाराष्ट्राला दाखवून दिले. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरती अल्प मात्रा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. विक्री तेथे आजही गुन्हाच आहे. पण सेवन करणाऱ्याची गाठ न्यायाधीशाशी न पडता समुपदेशकांच्या मंडळाशी पडते.

आमचे मागणे साधे आहे. नुसते सेवन गुन्ह्यांच्या यादीतून काढा. ६४-अ कलम प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक अक्षरांत लावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा ठेवा. हे सरकारचे काम झाले. घरातल्या मुलाला ‘किती मिळाले?’ याऐवजी ‘कसा आहेस?’ असे विचारणे, हे मात्र कोणताही कायदा करू शकणार नाही. ते आमचे तुमचे काम आहे आणि ते आम्ही फार दिवस टाळले आहे!