शंभर नंबरी पेट्रोल

सोनें शंभर नंबरी असावें, असें आपण फार दिवसांपासून म्हणत आलों आहों. आणि परीक्षेंत शंभरांपैकीं शंभर गुण मिळावेत, ही तर प्रत्येक विद्यार्थ्याची, व त्याहूनही अधिक त्याच्या आईबापांची, इच्छा असते. त्यामुळें पेट्रोलच्या पंपांवर ९५, ९७, १०० असे अंक झळकूं लागले तेव्हां मोठ्या अंकाचें पेट्रोल म्हणजे अधिक शुद्ध व अधिक बलवान् पेट्रोल, अशी समजूत लोकांत पसरली, यांत नवल नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे, आणि त्या अंकाकरितां लिटरमागें अधिक पैसे मोजणें शहाणपणाचें आहे काय, याचा विचार येथें करावयाचा आहे. हा विषय शाळेच्या वार्षिकांत शोभेल कीं नाहीं, अशी शंका कोणास येईल. परंतु ज्या घरांत शाळेचा खर्च आणि गाडीचें पेट्रोल हीं दोन्ही एकाच खिशांतून जातात, त्या घराला तो खचित शोभेल.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत मी एका पंपावर थांबलों होतों. माझ्यापुढें आमच्याच शाळेंतील एक विद्यार्थी वडिलांच्या दुचाकीवर मागें बसला होता. वडील जीवना बंदरावरून मासळी घेऊन आसपासच्या गांवीं विकणारे. त्यांची सारी कमाई त्या दुचाकीवर अवलंबून. मुलगा म्हणाला, "बाबा, महागातलंच घाला, त्यानं गाडी जास्त पळते." वडिलांनीं खिशांतल्या नोटा दोनदां मोजल्या आणि तेंच घालावयास सांगितलें. मग मला पाहून हंसून म्हणाले, "सर, पोराला दूध देतो, तसं गाडीलाही चांगलं खायला नको का?" मीं त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. त्यांच्या बोलण्यांत जी माया होती तिच्यापुढें हिशेब मांडणें मला बरें वाटलें नाहीं. परंतु तें उत्तर माझ्याकडे देणें राहिलें आहे, आणि तें येथें फेडीत आहें.

प्रथम हा अंक कशाचा, तें पाहूं. इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण शिरतें. दट्ट्या वर येऊन तें दाबतो. आणि नेमक्या क्षणीं प्लगची ठिणगी पडून ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. दाबल्यानें मिश्रण तापतें. तें प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे ज्योत येऊन पोंचण्यापूर्वींच त्याचा कांहीं भाग आपण होऊन पेट घेतो, आणि इंजिनांतून हातोडी ठोकल्यासारखा खटखट आवाज निघतो. क्रीडादिनीं रिले शर्यतींत एखादा मुलगा बॅटन हातांत येण्यापूर्वींच धांवत सुटला, तर त्याच्या वेगाचा संघाला उपयोग न होतां उलट नुकसानच होतें. तसाच हा प्रकार आहे. आपली पाळी येईपर्यंत न पेटतां थांबण्याचा पेट्रोलचा जो धीर, त्याचें माप म्हणजे ऑक्टेन अंक.

हें माप अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनीं १९२६ च्या सुमारास सुचविलें. आयसोऑक्टेन नांवाचा द्रव धीराचा, त्याला १०० अंक. नॉर्मल हेप्टेन हा उतावळा, त्याला शून्य. ९५ भाग पहिला व ५ भाग दुसरा यांच्या मिश्रणाइतका धीर जें पेट्रोल धरतें, त्याचा अंक ९५. म्हणजे हा अंक परीक्षेंतील गुणांसारखा नव्हे, आणि सोन्याच्या कसासारखाही नव्हे. त्यावरून पेट्रोल किती शुद्ध आहे हें कळत नाहीं, व त्यांत किती शक्ति आहे हेंही कळत नाहीं. याचा उत्तम पुरावा उंसाच्या मळीपासून होणारें इथेनॉल देतें. त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे. परंतु लिटरभर इथेनॉल जाळल्यास लिटरभर पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांश कमी उष्णता मिळते. अंक मोठा आणि शक्ति कमी, हीं दोन्ही एकाच द्रवांत सुखानें नांदतात.

मग मोठ्या अंकाचा उपयोग नाहींच काय? आहे, आणि मोठा आहे. ज्या इंजिनांत मिश्रण अतिशय दाबलें जातें, किंवा जेथें पंख्यानें अधिक हवा कोंबली जाते, तेथें धीराचेंच पेट्रोल लागतें. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत जें विमानयुद्ध झालें, त्यांत ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा मोठा आधार मिळाला; परंतु त्यांचीं इंजिनें त्या पेट्रोलचा लाभ घेतां यावा अशीं जुळविलेलीं होतीं, हें विसरतां कामा नये. आजही कांहीं भारी मोटारींच्या व मोटारसायकलींच्या पुस्तिकेंत ९५ किंवा ९७ अंकाचें पेट्रोल वापरावें असें स्पष्ट छापलेलें असतें. त्यांच्या मालकांनीं तें अवश्य वापरावें. तेथें काटकसर करणें म्हणजे इंजिनाला इजा करणें किंवा त्याची शक्ति गमावणें होय.

परंतु ज्या गाडीनें तो धीर मागितलाच नाहीं, तिला तो देऊन काय उपयोग? ज्याची दृष्टि निर्दोष आहे त्या मुलाला महाग भिंगाचा चष्मा घातला, तर त्याला अधिक दिसूं लागत नाहीं. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानें ग्राहकांना हाच उपदेश केला आहे, कीं पुस्तिकेंत सांगितल्याहून अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलापासून सामान्यतः कांहीं लाभ होत नाहीं. त्याच देशांतील मोटारवाल्यांच्या मोठ्या संघानें २०१६ सालीं प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिले, तेव्हां साध्या पेट्रोलवर चालावयाच्या गाड्यांना महाग पेट्रोल दिल्यानें शक्ति, अंतर किंवा धूर यांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं.

आपल्या देशांत तर या प्रश्नाला आणखी एक वळण मिळालें आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि त्या नियमांत साध्या पेट्रोलचा अंक किमान ९१ ठरलेला होता. पुढें त्यांत इथेनॉलचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें शेंकडा २० पर्यंत पोंचलें. आणि त्यामुळें साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९५ झाला आहे, असें केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानें २०२५ च्या ऑगस्टांत जाहीर केलें. तेव्हां केवळ ९५ या अंकाकरितां जर कोणी अधिक पैसे मोजीत असेल, तर जें शेजारच्या नळींतून स्वस्त मिळतें तेंच तो महाग घेत आहे. १०० अंकाचें पेट्रोल निराळें. तें १ डिसेंबर २०२० रोजीं इंडियन ऑइलनें प्रथम दहा शहरांत आणलें, त्यांत मुंबई व पुणें हीं होतीं. दिल्लींत त्याचा आरंभींचा दर लिटरला १६० रुपये, म्हणजे तेव्हांच्या साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता. तें भारी गाड्यांकरितांच काढलेलें आहे.

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही न्यायानें ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, महाग पेट्रोलांत मळ काढणारीं द्रव्यें अधिक असतात, त्यांनीं इंजिन स्वच्छ राहतें. यांत तथ्य आहे. अशा द्रव्यांनीं झडपांवर व फवाऱ्यांवर बसणारी काजळी कमी होते. परंतु हा लाभ ऑक्टेनचा नव्हे, त्या द्रव्यांचा आहे. आणि ज्याच्या गाडीचा हवेचा गाळणा धुळीनें भरलेला, चाकांत हवा कमी, आणि इंजिनांतील तेल बदलून वर्ष लोटलेलें, त्यानें पेट्रोलवर आठवड्याला अधिक पैसे घालणें म्हणजे अंघोळ न करितां अंगाला अत्तर लावणें होय.

दुसरा आक्षेप इथेनॉलविषयींचा, आणि तो अधिक वजनदार आहे. जुन्या गाड्या या मिश्रणाकरितां बनविलेल्या नाहींत. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच, इथेनॉलविरहित पेट्रोलाकरितां रचलेल्या व दहा टक्के मिश्रणाला जुळविलेल्या दुचाकींचें अंतर सुमारें ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. म्हणून कित्येक लोक इथेनॉल टाळण्याकरितां महाग पेट्रोल घेतात. पण दर अधिक आहे एवढ्यावरून त्यांत इथेनॉल नाहीं, असें समजणें चुकीचें आहे. पंपावर स्पष्ट विचारावें, आणि मग पैसे द्यावेत. शिवाय आपल्या किनाऱ्यावर एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडी उघड्यावर उभी राहून टाकींत पाणी शिरलें, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं निराळा थर बसतो व गाडी बंद पडते. श्रीवर्धनच्या पावसांत टाकीच्या झांकणाचें चांगलें रबर हें ऑक्टेनच्या पांच अंकांपेक्षां अधिक उपयोगी आहे.

आतां हिशेब मांडूं. समजा, साधें पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि महाग पेट्रोल ११२ रुपये. फरक सात रुपयांचा, म्हणजे पंधराव्या हिश्शाचा. जी दुचाकी साध्या पेट्रोलवर लिटरला ४५ किलोमीटर जाते, ती महाग पेट्रोलवर ४८ किलोमीटर गेली तरच पैसे फिटले. त्याहून कमी गेली तर तोटा. रोज एक लिटर जाळणाऱ्याचे वर्षांतील तीनशें दिवसांत २,१०० रुपये अधिक जातात. रोज चार लिटर जाळणाऱ्या रिक्षावाल्याचे ८,४००. एवढ्या रकमेंत मुलाचीं वह्यापुस्तकें, गणवेश आणि पावसाळी बूट येतात, हें पालकांना मीं सांगावयास नको.

परंतु माझ्या शब्दावर तरी विश्वास कां ठेवावा? विद्यार्थिमित्रहो, हा प्रयोग तुम्हांला स्वतः करतां येईल, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. टाकी काठोकाठ भरून मीटरवरील आंकडा वहींत लिहावा. नेहमींच्याच रस्त्यानें, नेहमींच्याच ओझ्यानें गाडी चालवावी. पुन्हां टाकी भरतांना किती लिटर गेलें व किती किलोमीटर झाले तें लिहून भागाकार करावा. असें तीन वेळां साध्या पेट्रोलवर व तीन वेळां महाग पेट्रोलवर करावें. एका वेळेच्या आंकड्यावर भिस्त ठेवूं नये, कारण म्हसळ्याचा घाट, वारा आणि मागें बसलेला पाहुणा हेही त्या आंकड्यांत आपला हात घालतात. गाडी चालविणें वडिलांकडे, वही तुमच्याकडे. जें उत्तर निघेल तें माझ्या मताविरुद्ध गेलें तरी मला आनंदच होईल.

याच अंकाच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. पेट्रोलांत शिशाचें एक संयुग किंचित् मिसळलें कीं ऑक्टेन स्वस्तांत वाढतो, हें १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यांनीं शोधून काढलें. तें पेट्रोल १९२३ पासून विकलें जाऊं लागलें, आणि त्याला 'इथिल' असें गोंडस नांव देण्यांत आलें. त्या नांवांत शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ सालीं तें संयुग बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगार विषबाधेनें वेडे होऊन मेले, तरी विक्री कायमची थांबली नाहीं. शिसें मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितें, हें माहीत झाल्यावरही तें अनेक वर्षें रस्त्यांतील धुरांतून मुलांच्या छातींत जात राहिलें. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. जगांतील शेवटचा पंप २०२१ सालीं अल्जीरियांत बंद झाला. मोठा अंक आणि सुंदर नांव पाहून जो विचारावयाचें थांबतो, तो केवळ आपल्या खिशाचीच हानि करितो असें नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें आपल्या नारळीपोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या. त्यानंतरच्या अंधाऱ्या दिवसांत जनरेटर व झाडें कापण्याची यंत्रें यांकरितां लोक पेट्रोल शोधीत होते. त्याचा अंक कोणीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं. शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दाखल्यांतही शहाण्या कुमारी सुगंधी तेलामुळें शहाण्या ठरल्या नाहींत. पुरेसें तेल वेळेवर जवळ ठेविल्यामुळें ठरल्या.

म्हणून त्या मासळी विकणाऱ्या गृहस्थांना माझें उत्तर असें आहे: गाडीला चांगलें खाऊं घाला, परंतु चांगलें कोणतें तें तिच्या पुस्तिकेंत पाहा, पाटीवर पाहूं नका. उरलेल्या सात रुपयांचें दूध त्या मुलालाच द्या. आणि मुलानें वही घेऊन माझ्याकडे यावें. तिचे रकाने मी स्वतः आंखून देईन.