धर्माच्या गायी आणि नवी आवृत्ती

लिनक्सच्या एखाद्या वितरणाची नवी आवृत्ती आली की दोन प्रकारचे लेखन हमखास वाचावयास मिळते. पहिल्या प्रकारात पडद्यावरचे चित्र किती देखणे आहे, खिडक्यांचे कोपरे किती गोल झाले, चिन्हांचे रंग कसे खुलले यांची रसभरीत वर्णने असतात. दुसऱ्या प्रकारात कुरकुर करणाऱ्यांना दटावलेले असते: फुकट मिळते आहे ना, मग तक्रार कसली? धर्माचे गायी आणि दात का गं नाही, ही म्हण जणू मुक्तस्रोत प्रणालींसाठीच रचली गेली असावी, अशा थाटात ती फेकली जाते. आमचा विरोध दोन्ही प्रकारांना आहे, दुसऱ्याला अधिक.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या चळवळीला एकच गोष्ट पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली आहे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दावर किंमत आणि स्वातंत्र्य या दोन अर्थांचे ओझे आहे, आणि यातला अर्थ स्वातंत्र्याचा आहे. मराठीवर हे संकट मुळीच नाही. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचे भावही वेगळे आहेत. असे असताना इंग्रजीची अडचण आपण का उसनी घ्यावी? मुक्तस्रोत प्रणाली ही दानात मिळालेली गाय नव्हे, ती गावची सामाईक विहीर आहे. पाणी शेंदणाऱ्याने ते गढूळ आहे असे म्हटले तर त्याला कृतघ्न ठरवता येत नाही. गाळ काढायला ये, असे मात्र म्हणता येते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला वितरण ही कल्पना खरे तर सहज कळावी. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला गाभा, ग्नूची साधने, ग्नोम किंवा केडीई हे मेजपटल, लिबरऑफिस, टंक, कळफलकांचे आराखडे हे सारे निरनिराळ्या हातांचे लेखन असते. वितरक त्याचा संपादक. काय घ्यावे, काय गाळावे, कशाची जुनी पण तपासलेली संहिता ठेवावी, हे तो ठरवतो. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन तयार झाल्याशिवाय आवृत्ती काढत नाही. त्याच्याच पायावर ऑक्टोबर २००४ मध्ये उभे राहिलेले उबुंटू दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढते आणि वर्ष-महिन्याचा आकडाच तिला नाव म्हणून देते. ४.१० ही पहिली. एप्रिल २००६ मध्ये यायची आवृत्ती मात्र तयार नव्हती म्हणून त्यांनी दोन महिने थांबून ६.०६ काढली. आमच्या मते ही त्या संपादकांची सर्वांत सुजाण कृती होय. पंचांग पाहून ग्रंथ सुधारत नसतो. पुनर्मुद्रणावर 'सुधारित आवृत्ती' असे छापणारे प्रकाशक आपण पाहिलेले आहेतच. असो.

वापरणाऱ्यांच्या रागाचा इतिहासही एकदा नीट वाचला पाहिजे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आले, ते अर्धेकच्चे होते. २०१० मध्ये उबुंटूने खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे नेली. २०११ मध्ये ११.०४ सोबत युनिटी हे नवे मेजपटल सर्वांच्या माथी आले आणि २०१७ मध्ये १७.१० बरोबर ते गेलेही. प्रत्येक वेळी तक्रार करणाऱ्यांना 'बदलाला घाबरणारे' म्हटले गेले. हे अन्यायाचे आहे. हाताला लागलेले वळण ही माणसाची कष्टाने केलेली कमाई असते आणि ती कोणा संपादकाने परस्पर खर्च करायची नसते. शिवाय त्या रागातून केवळ शिव्या निघाल्या नाहीत. ग्नोमच्या दुसऱ्या पिढीची संहिता उचलून काहींनी माते हे मेजपटल चालू ठेवले, मिंटच्या मंडळींनी सिनॅमन घडवले. अपेक्षाभंगातून इतके काम उभे राहिल्याची उदाहरणे आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांतही फार नाहीत. आणि किमान अपेक्षा तर सांगावीच लागू नये: नवी आवृत्ती यंत्र बिघडवणार नाही ही. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच १७.१० ची प्रत काही लॅपटॉपांचा बायोस बिघडवते म्हणून उतरवण्यासाठी देणे थांबवावे लागले होते.

पण या साऱ्या वादात आम्हांला खटकते ती गोष्ट निराळीच आहे. चित्रांवर, बटणांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि अक्षरांवर एक ओळ नसते. आचार्यांना दक्षिणा आणि आचाऱ्यांना पगार, हा व्याकरणाच्या तासाला ठरलेला भेद. तो ज्या पडद्यावर दिसत नाही तो पडदा मराठी शिकवणाऱ्याच्या काय कामाचा? दर्यात बुडायचे की दऱ्यांत उतरायचे, हे त्या एका अर्ध्या रफारावर ठरते. युनिकोडमध्ये ऱ, हलन्त, य असा क्रम दिला आणि टंक व अक्षरजुळणीची आज्ञावली दोन्ही धड असल्या, तरच तो उमटतो. 'ॲ' ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. तोवर 'अ' वर चंद्र चढवू गेले की कित्येक ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ पदरी पडे. जागा मिळाल्यावरही ते अक्षर टंकात, कळफलकात आणि शेवटी आपल्या यंत्रावर पोचते ते कोणत्या तरी नव्या आवृत्तीबरोबरच. असे एक अक्षर येणे, ही आमच्या लेखी नव्या आवृत्तीची बातमी होय.

मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हेही असेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली. काही मुक्त टंकांत ही मराठी वळणे आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला कळल्यावरच ती प्रकट होतात, एरवी हिंदी वळण समोर येते. आणि 'ळ'! युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. शब्दसूची लावणाऱ्याने केवळ तक्त्याच्या क्रमावर विसंबून चालत नाही. प्रणालीत मराठीचे भाषानियम नीट भरलेले आहेत की नाहीत, हे त्याने प्रत्येक आवृत्तीत पाहिले पाहिजे. ही परीक्षा संगणकशास्त्राचा पदवीधर घेणार नाही. त्याला ती सुचणारही नाही.

एक अपेक्षा मात्र आम्ही अन्याय्य मानतो. जुन्या प्रश्नपत्रिका आणि प्रबंध लिनक्सवर उघडले की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, म्हणून 'लिनक्सला मराठी येत नाही' असा निवाडा आमचे कित्येक सहकारी देतात. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांत मराठी कधी साठवलेलीच नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी चित्रे चिकटवलेली असतात. चित्रे काढली की उरते ते मुळातलेच. यात दोष नव्या आवृत्तीचा नाही, जुन्या सवयीचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ टीपीएम २.० शिवाय अधिकृतपणे बसत नाही, त्यामुळे महाविद्यालयांतली पुष्कळ यंत्रे धडधाकट असूनही निकालात निघाली. त्यांवर लिनक्स बसवा, हा सल्ला योग्यच आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नियमित आधार असतो, मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने. प्रयोगशाळेला कोणती घ्यावी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण 'तंत्र हे आमचे क्षेत्र नव्हे' असे म्हणून मराठी विभाग हात झटकणार असतील, तर त्या यंत्रांवर मराठी कशी दिसावी हे दुसरेच कोणी ठरवील. प्रमाणलेखनाच्या एका अनुस्वारासाठी चर्चासत्रे भरवणाऱ्यांना वितरकाकडे दोषनोंद करता येऊ नये?

बीटा प्रत अंतिम आवृत्तीच्या काही आठवडे आधी खुली होते. ती स्मृतिशलाकेवरून, यंत्रावर काहीही न बसवता, चालवून पाहता येते. एक परिच्छेद टंकावा, त्यात आचारी, आचार्य, ॲ, ळ, ल, श सगळे असावेत. चुकले तिथे पडद्याचे चित्र जोडून साध्या इंग्रजीत चार ओळी लिहाव्यात: काय टंकले, काय दिसले, काय दिसायला हवे होते. एम.ए.च्या विद्यार्थ्याला हे एका दुपारचे काम आहे.