परदेशात जपायचे ते रोजचे ताट

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत पुरणपोळी, चकली, श्रीखंड आवर्जून होते. मागे पडते ती रोजची भाकरी, उसळ आणि पालेभाजी. त्यांची जागा ब्रेड, पिझ्झा घेतात. तंतुमय पदार्थ कमी होतात, मैदा आणि साखर वाढते. भारतीय वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली. आईवडिलांना मधुमेह असेल, तर या मर्यादेला पोहोचताच रक्त तपासून घ्या. ज्वारीचे पीठ, मटकी, फ्रोजन मेथी तिथल्या भारतीय किराणा दुकानांत मिळते. गोडधोड सणापुरते ठेवा, उसळ-भाजी रोज करा. मधुमेह असल्यास भाकरीही मोजूनच खा.