सहा नावं यादीत नव्हती

पंधरा बाण, दीडशे गुण. साताऱ्याच्या साहिल जाधवने त्यांतला एकच गुण गमावला आणि जुलै 2025 मध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन-रूर भागात झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येचं सुवर्ण जिंकलं. अंतिम लढतीतल्या ब्रिटनच्या अजय स्कॉटचे 148 झाले होते. सांघिक अंतिम फेरीत मात्र साहिलच्या संघाला तुर्कस्तानने 232-231 असं हरवलं. एका गुणाने सुवर्ण आलं, एका गुणाने गेलं.

या स्पर्धेत महाराष्ट्राची पोरं चमकली. अमरावतीची मधुरा धामणगावकर महिलांच्या कांस्यविजेत्या कंपाउंड संघात होती. पुण्याच्या वैष्णवी आडकरने टेनिस एकेरीत कांस्य मिळवलं. या स्पर्धेत भारताला टेनिसचं पदक याआधी 1979 साली मिळालं होतं, तेही पुण्याच्याच नंदन बाळ यांनी आणलेलं रौप्य! मधली सेहेचाळीस वर्षं कोरडी. भारताची एकूण पदकं 12.

आणि याच स्पर्धेत बॅडमिंटनचा तमाशा झाला. निवड होऊन जर्मनीला पोचलेल्या बारा खेळाडूंपैकी सहाच जणांना कोर्टवर उतरता आलं. व्यवस्थापकांच्या बैठकीत आपल्या अधिकाऱ्यांनी सगळी नावं नीट दिलीच नाहीत. दुखापत नाही, उत्तेजकांची भानगड नाही, फॉर्म गेला म्हणावं तर तेही नाही. संघाने मिश्र सांघिक गटात कांस्य मिळवलं, तेव्हा उरलेले सहा जण बाहेर बसून होते. रोहन कुमार, दर्शन पुजारी, अदिती भट, अभिनाश मोहंती, विराज कुवळे, अलिशा खान. तिथल्या यादीत राहिलेली नावं निदान इथे तरी छापली जावीत.

पथक पाठवण्याची जबाबदारी भारतीय विद्यापीठ संघाची, म्हणजे एआययूची. पुढे चौकशी लागली, अधिकाऱ्याचं निलंबनही झालं. पण विद्यार्थ्याची ती स्पर्धा परत येत नाही. या स्पर्धेला वयाची अट 18 ते 25 आहे आणि स्पर्धा साधारण दोन वर्षांनी भरते. पदवी, परीक्षा, नोकरीचा शोध या सगळ्यात अशा किती संधी एकाच्या वाट्याला येणार?

रायगडमधल्या खालापूर-कर्जतच्या वाचकाला हे लांबचं वाटेल. पण वाट इथूनच सुरू होते. खोपोलीच्या कॉलेजातल्या मुलीने आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायची, मग मुंबई विद्यापीठाच्या संघात यायचं, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्यानंतर एआययूची निवड. सामना मरीन लाइन्सच्या विद्यापीठ पॅव्हेलियनवर असेल, तर लोकलमध्ये जातानाच दोन तासांहून अधिक वेळ जातो. त्या दिवशीची हजेरी बुडते, प्रॅक्टिकल राहतं, आणि ते भरून घेण्यासाठी तिनेच विभागाविभागांत अर्ज घेऊन फिरायचं. जर्मनीत जे मोठ्या प्रमाणावर घडलं, त्याची तालीम आपल्याकडे दर सत्रात चालू असते. खेळायचं खेळाडूने आणि कागदही सांभाळायचे त्यानेच.

आणखी एक अडचण आहे. रायगडच्या मातीतला खेळ कबड्डी. तो आशियाई स्पर्धेत 1990 पासून आहे, ऱ्हाइन-रूरच्या कार्यक्रमात नव्हता. म्हणजे इथल्या मुलांना त्या मांडवात शिरायचं तर ॲथलेटिक्स, धनुर्विद्या, ज्यूदो असं काही धरावं लागेल. ते अशक्य मुळीच नाही. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत शिकलेली अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. सातारा काही महानगर नव्हे. तिथे एक जाणता प्रशिक्षक होता आणि रोजचा सराव होता.

आपल्याकडे दोन गोष्टी लगेच करता येतील. फीच्या पावतीवर जिमखान्याचा रकाना असतो, पैसे प्रत्येक विद्यार्थी भरतो. ते कुठे खर्च झाले हे कॉलेजने वर्षातून एकदा सूचनाफलकावर लावावं. विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्याची हजेरी आणि हुकलेली परीक्षा यांबाबतचं पत्र क्रीडा विभागाने स्वतःहून प्राचार्यांना धाडावं.

पुढची जागतिक विद्यापीठ स्पर्धा ऑगस्ट 2027 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगचोंगला आहे. एआययूने आत्ताच नियम करावा: प्रत्येक खेळाडूने स्वतःचं नाव वाचून सही केल्याशिवाय एकही प्रवेशिका आयोजकांकडे जाणार नाही.